मॉसमनचे ऊसकरी जोडपे



परदेशातल्या उसाचा विषय निघाला की आपल्या बैठकीत दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, तिकडं सगळं यंत्रावर चालतं. दोन, तिकडच्या शेतकऱ्याला कसली चिंता आलीय! पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे. दुसरी साफ खोटी आहे, आणि ती का खोटी हे समजून घेण्यासाठी या अंकात आम्ही ऑस्ट्रेलियातल्या एका तालुक्याएवढ्या मुलखात आपल्याला नेणार आहोत.

हा मुलूख म्हणजे क्वीन्सलंड राज्याच्या उत्तर टोकाकडचा मॉसमन. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला घनदाट जंगलाचे डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ऊस. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यामुळे पाटपाण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न असतो पाणी बाहेर काढण्याचा. इथलं एक जोडपं आपण डोळ्यापुढे धरू. हे कोण्या एका घरचे नवराबायको नव्हेत. त्या भागातल्या पुष्कळ घरांची रीत पाहून आम्ही ते उभे केले आहेत, म्हणून नावं देत नाही. म्हातारा चौऱ्याऐंशीचा, म्हातारी ब्याऐंशीची. लग्न झालं १९६४ साली. २०२४ साली त्यांच्या संसाराला साठ वर्षे पुरी झाली. तिकडे साठ वर्षे पुरी झाली की अर्ज करणाऱ्या जोडप्याला खुद्द राजाच्या सहीचे अभिनंदनपत्र येते. या दोघांनाही ते आले असे धरू. पण त्याच वर्षी त्यांच्या कारखान्याचे धुराडे पेटले नाही. त्या साठ वर्षांचा आणि त्या धुराड्याचा संबंध काय, तेच सांगायचे आहे.

जमीन गहाण टाकून उभा केलेला कारखाना

क्वीन्सलंडात आधी मोठमोठे मळे होते. त्यांवर पॅसिफिक बेटांवरून आणलेले मजूर राबत. त्यांतल्या पुष्कळांना फसवून आणि काहींना चक्क पळवून आणलेले होते. १८६३ पासून चाळीसएक वर्षांत असे साठ हजारांवर करार झाले. १९०१ च्या कायद्याने हे बंद झाले आणि बहुतेकांना परत पाठवण्यात आले. ही गोष्ट त्या देशाला भूषणावह नाही, आणि तिकडचे लोकही आता ते मान्य करतात. मळे मोडून त्यांचे तुकडे झाले आणि लहान शेतकरी आला. पण लहान शेतकऱ्याला स्वतःचा कारखाना कुठून परवडणार? म्हणून १८९३ साली सरकारने कायदा केला, की शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कंपनी काढावी, आपापल्या जमिनी तारण द्याव्यात, सरकार कर्ज देईल. मॉसमनची कंपनी १८९४ साली निघाली आणि १८९७ साली पहिले गळीत झाले.

आपल्याकडे प्रवरानगरला पहिला हंगाम १९५०-५१ ला झाला. म्हणजे आपल्या आधी अर्धशतकाहून अधिक काळ ही माणसे जमीन गहाण टाकून स्वतःच्या कारखान्याचे मालक झाली होती. कारखान्याच्या भागाला घरात काय मोल असतं, हे आपल्या सभासदाला वेगळं सांगायला नको.

आपल्या म्हाताऱ्याच्या बापाने अशीच जमीन कमावली. मुलाच्या वाट्याला साठ हेक्टर ऊस आला, म्हणजे दीडशे एकर. आपल्याकडचा सभासद म्हणेल, दीडशे एकर म्हणजे जहागीरदारच की! पण तिकडे हे बेताचे शेत. आणि त्या दीडशे एकरावर माणसे किती? दोन. नवरा आणि बायको.

पोस्टातली नोकरी आणि 'घरकाम'

ती पोस्टात कायम नोकरीला होती. पण तेव्हा केंद्र सरकारच्या नोकरीत लग्न झालेल्या बाईला राहता येत नसे. तो नियम उठला १९६६ च्या अखेरीस. हिचे लग्न १९६४ चे, म्हणजे दोन वर्षांनी चुकली बिचारी! नोकरी सोडली आणि शेतावर आली.

आली तेव्हा ऊस हाताने तोडला जात होता. तोडणाऱ्यांच्या टोळ्या असत, आणि आपल्यासारखीच त्यांची मुकादमी, उचल, भांडणे सगळे असे. तोडणीपूर्वी फड पेटवायचा. ही पेटवण्याची चाल कशी पडली ते ऐकण्यासारखे आहे. १९३० च्या दशकात इंगहॅमकडच्या फडात उंदरांमुळे मजुरांना एक ताप येऊ लागला, आपल्या कोकणात ज्याला लोक लेप्टो म्हणतात त्यातलाच. माणसे दगावली, १९३५ साली मोठा संप झाला, आणि फड जाळल्याशिवाय तोडायचा नाही हे ठरून गेले. पुढे सगळीकडे तीच रीत. संध्याकाळी वारा पडला की नवरा एका कडेने पेटवायचा, बायको दुसऱ्या कडेला पाण्याची टाकी घेऊन उभी. आणि सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख.

यंत्र साठीच्या दशकात आले आणि १९७९ पर्यंत क्वीन्सलंडातली सगळी तोडणी यंत्राने होऊ लागली. यंत्र उसाच्या वीतभर कांड्या करून डब्यात टाकते. डबे छोट्या रुळावरून कारखान्यात जातात. दोन फुटी रुळांची ही गाडी क्वीन्सलंडात सुमारे चार हजार किलोमीटर पसरलेली आहे. पण कांड्या केलेला ऊस टिकत नाही, तो तासांच्या हिशेबात गव्हाणीत पडावा लागतो. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

यंत्र एका घरचे नसते. पाच-दहा शेतकऱ्यांचा गट मिळून एक यंत्र. आणि पाळी कशी लावतात? एकाचा फड संपवून दुसऱ्याकडे जायचे असे नाही. प्रत्येकाचा थोडा थोडा ऊस जूनमध्ये, थोडा सप्टेंबरमध्ये, थोडा शेवटी, अशा फेऱ्या घालतात. चांगल्या उताऱ्याचे दिवस एकाच्याच वाट्याला जाऊ नयेत म्हणून. आमच्या मते ही गोष्ट आपल्या शेतकी खात्याने आणि सभासदांनीही जरा शांतपणे वाचावी.

ती या सगळ्यात काय करी? पहाटे डबे रुळावर लावून घेण्याचा फोन. दहाच्या सुमारास चहापाणी, तिकडे त्याला 'स्मोको' म्हणतात, ते शेतावर पोचवायचे. माणूस कमी पडला की ट्रॅक्टर हाकायचा. लागणीच्या वेळी यंत्रामागे बसायचे. शाळेची पोरे, कोंबड्या, आजारी सासू. आणि रात्री जेवणाच्या टेबलावर वही. गाडीमागे गाडी, टनामागे टन, प्रत्येक खेपेचा उतारा तिच्या अक्षरात. खताचे बिल, बँकेचा हप्ता, कराचा कागद. २००० सालच्या जुलैत तिकडे जी.एस.टी. आला, तेव्हा साठीला टेकलेली ही बाई कॉम्प्युटर शिकली. म्हाताऱ्याने कॉम्प्युटरला अजून हात लावलेला नाही, आणि त्याचा त्याला अभिमान आहे!

एवढे करून मतदार यादीत तिच्या नावापुढे व्यवसाय काय छापलेला? 'घरकाम'. त्या काळी यादीत व्यवसाय छापत आणि शेतकऱ्याच्या बायकोपुढे बहुधा हेच असे. १९९४ साली मेलबर्नला शेतकरी महिलांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा कुठे तिकडच्या बायका उघड म्हणू लागल्या की आम्ही शेतकऱ्याच्या बायका नव्हे, आम्ही शेतकरी.

मात्र कागदावर एक गोष्ट तिकडे फार आधीपासून बरी होती. पुष्कळ घरांत शेतीचा धंदा नवराबायकोच्या भागीदारीत चालतो. उत्पन्न दोघांच्या नावावर वाटले जाते, त्यामुळे करही कमी बसतो. खरे सांगायचे तर कित्येक ठिकाणी बायकोचे नाव लागले ते करापोटी, मानापोटी नव्हे. पण लागले हे महत्त्वाचे. जमीनही दोघांच्या नावे अशा पद्धतीने ठेवता येते की एक गेला तर दुसऱ्याकडे आपोआप सगळी जाते, मृत्युपत्र नको की हेलपाटे नकोत. आणि १९७५ च्या कुटुंब कायद्याने असे ठरवले, की संसार मोडलाच तर मालमत्तेची वाटणी करताना घर सांभाळण्याचे काम हेही कमाईत धरायचे.

आपल्याकडे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि १९९२ साली सरकारनेही बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. किती सभासदांनी लावले? आपापल्या घरातला उतारा काढून पाहा.

उताऱ्याचा हिशेब

आता ज्या गोष्टीसाठी सभासद हा लेख वाचतील तिकडे वळू. तिकडे ऊस नुसत्या वजनावर घेत नाहीत. प्रत्येक शेतकऱ्याच्या डब्यांचा रस वेगळा तपासतात आणि त्याच्या उसातून किती साखर निघेल तो आकडा काढतात. त्याला सी.सी.एस. म्हणतात. आपल्याकडे सबंध कारखान्याचा सरासरी उतारा धरून दर निघतो, म्हणजे चांगला ऊस घालणारा आणि वाढे-पाचटासकट घालणारा दोघेही एकाच दराचे धनी.

तिकडचे जुने सूत्र असे: साखरेचा टनाचा भाव गुणिले ०.००९, गुणिले सी.सी.एस. वजा ४. त्यावर एक छोटी ठरीव रक्कम, डॉलरच्याही आतली. समजा साखर टनाला ५०० डॉलर आणि उसाचा सी.सी.एस. १३. तेरातून चार गेले, राहिले नऊ. ५०० गुणिले ०.००९ म्हणजे साडेचार. साडेचार नवे साडेचाळीस. टनाला साडेचाळीस डॉलर. सी.सी.एस. १४ आला तर ४५, आणि १२ आला तर ३६. म्हणजे एका अंकाला टनामागे साडेचार डॉलर. आपल्या जोडप्याचा ऊस हेक्टरी ८०-८५ टनाने साठ हेक्टरांत धरा पाच हजार टन. एक अंक वर गेला की साडेबावीस हजार डॉलर जास्त. म्हातारी वहीत रोजचा उतारा का लिहिते ते कळले ना?

आता हे पहिले चार अंक कोणाचे? कारखान्याचे. चारच्या वरचे शेतकऱ्याचे. १३ उताऱ्याला साखरेच्या किमतीतला साधारण ६२ टक्के वाटा शेतकऱ्याला पडतो. आपल्याकडे २०१३ च्या कायद्यात ७०:३० चे सूत्र आले, तेव्हा तुलना ज्याची त्याने करावी. फक्त हे ध्यानात असू द्या की चार अंक ठरलेले असल्यामुळे शेतकऱ्याने उतारा वाढवला तर वाढीचा लाभ बहुतेक त्याच्याच घरात येतो. आता नियंत्रण उठल्यापासून हे सूत्र कराराकराराने बदलते, पण मूळ हेच.

आणि हंगामाच्या सुरुवातीला उतारा कमी असतो, मग ज्याचा ऊस आधी तुटला त्याने काय पाप केले? त्यावरही उपाय आहे. त्या आठवड्याच्या कारखान्याच्या सरासरीशी शेतकऱ्याचा उतारा ताडून पाहतात आणि फरकाप्रमाणे पैसे देतात. पोच पावती मिळाली की म्हातारी आधी आपला आकडा बघते, मग सरासरी, आणि मग शेजाऱ्याचा. माणूस सगळीकडे सारखाच!

शेतीतल्या दोन गोष्टी थोडक्यात. एकदा लागण केली की त्यावर चार-चार, पाच-पाच खोडवे घेतात. आणि जाळण्याची रीत त्या पावसाळी भागात नव्वदीपर्यंत बहुतेक सुटली. हिरवाच ऊस तोडतात, पाचट रानात पसरते, तण मरते, माती वाहून जात नाही. म्हाताऱ्याने जन्मभर फड पेटवला, त्याला हे पटायला तीन हंगाम लागले. पटले ते खोडव्याच्या फुटव्याने, कोणाच्या व्याख्यानाने नव्हे. पाचट पेटवणाऱ्या आमच्या मित्रांना एवढेच सांगू, की दीडशे एकरवाल्याला जे परवडले ते दीड एकरवाल्यालाही परवडेल.

हुमणी तिकडेही आहे. तिच्यासाठी १९३५ साली हवाईहून सुमारे शंभर भेक आणून मॉसमनच्या दक्षिणेला गॉर्डनव्हेलजवळ वाढवले आणि सोडले. भेकांनी हुमणीला धक्काही लावला नाही. आता त्यांची लाखोंनी पैदास झाली आहे आणि त्यांना मारायचे कसे हाच प्रश्न होऊन बसला आहे.

भाव, आणि भावाच्या मागे कारखाना

तिकडची बहुतेक साखर परदेशी जाते. म्हणजे भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो, आणि त्यावर ना शेतकऱ्याचा ताबा ना सरकारचा. १९७४ च्या अखेरीस जगात साखर पौंडाला साठ सेंटांच्या वर गेली. या घरात तेव्हा नवा ट्रॅक्टर आणि पहिला रंगीत टी.व्ही. आला. १९८५ ला तीच साखर तीन सेंटांच्या खाली आली. तेव्हा ती गावातल्या दवाखान्यात स्वयंपाकघरात कामाला जाऊ लागली आणि त्या पगारावर घर चालले. ट्रॅक्टर मात्र राहिला. १९९८ च्या एका सरकारी अहवालाने हिशेब काढला, की तिकडच्या शेतकरी घराच्या खऱ्या उत्पन्नात, बाहेरची नोकरी धरून, बायकांचा वाटा ४८ टक्के आहे. म्हातारी म्हणते, बाकीचे दोन कुठे गेले?

मुलगे दोन. एक खाणीत गेला, कारण तिथे पगार उसाच्या तिप्पट. दुसरा बंदराच्या गावी, पोर्ट डग्लसला. ते गाव पूर्वी मॉसमनची साखर बोटीत चढवायचे, १९५८ पर्यंत. आता तिथे हॉटेले आहेत आणि दुनियाभरचे प्रवासी येतात. त्यामुळे उसाच्या रानाला बंगल्याचे भाव आले. एकेक शेतकरी म्हातारा झाला, पोरे नाहीत, रान विकले. असा ऊस कमी होत गेला.

ऊस कमी झाला की कारखान्याचे काय होते हे आपल्याला सांगायला नको. गाळपक्षमता आहे तेवढीच, कामगार तेवढेच, जुनी यंत्रसामग्री दुरुस्तीला तेवढीच, आणि गव्हाण अर्धी रिकामी. मग डोंगरापलीकडच्या पठारावरून ऊस आणावा लागला, आपण ज्याला गेटकेन म्हणतो तसा, वाहतुकीचा भुर्दंड सोसून. २००४ साली सरकारने ऊस सोडणाऱ्यांना अनुदान देऊ केले होते. या दोघांनी घेतले नाही. २००६ पर्यंत जुनी नियंत्रणे उठली. २०१२ साली शेतकऱ्यांचा हा कारखाना मकाय शुगर या मोठ्या कंपनीकडे गेला. जमीन गहाण टाकून उभा केलेला कारखाना पोराच्या सहीने गेला, हे म्हाताऱ्याला लागले. म्हातारी म्हणाली, सही माझीही आहे, आणि वही मी लिहिते, दुसरा मार्ग नव्हता. त्यावरून त्या घरात आठ दिवस अबोला होता.

मकाय शुगरलाही तो झेपला नाही. २०१९ साली स्थानिक शेतकऱ्यांनी पुन्हा उभे राहून, सरकारी मदत घेऊन, नव्या कंपनीमार्फत तो परत घेतला. ऐंशीच्या घरातल्या या दोघांनीही त्यात पैसे घातले. शहाणपणाचे होते का? आम्हाला वाटते, नव्हते. आम्ही त्यांच्या जागी असतो तर घातले असते का? तेही घातले असते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली. १३ डिसेंबरला जॅस्पर चक्रीवादळ किनाऱ्याला लागले. वाऱ्यापेक्षा मागून आलेल्या पावसाने जास्त नासले. डेन्ट्री नदीला कधी न पाहिलेला पूर आला, रस्ते डोंगराखाली गेले, रानांवर गाळ बसला. मार्च २०२४ मध्ये कंपनी दिवाळ्यात निघाली.

ऊस मात्र रानात उभा होता. उसाला काय कळते? १८९७ पासून सुरू असलेला कारखाना बंद झाल्यावर २०२४ चा ऊस गॉर्डनव्हेलच्या कारखान्यात न्यायचे ठरले, सुमारे शंभर किलोमीटर. मघाशी म्हटले होते ना, कांड्या केलेला ऊस तासांच्या हिशेबात गव्हाणीत पडावा लागतो? आता रुळावरची दहा किलोमीटरची वाट जाऊन ट्रकची शंभर किलोमीटरची आली. सरकारने वाहतुकीला पैसे दिले म्हणून तो ऊस हलला. असे पैसे वर्षानुवर्षे कोण देणार?

हे एकट्या मॉसमनचे नाही. नॅम्बोरचा कारखाना २००३ ला बंद झाला, बॅबिंडाचा २०११ ला, मेरीबरोचा २०२० च्या हंगामानंतर. ऊस पुरेना, हे अशी धुराडी विझण्याचे एक मोठे कारण. बाहेरच्या कारखान्याला चार पैसे जादा मिळतात म्हणून ऊस घालणाऱ्या आपल्या काही सभासदांशी आम्हाला भांडायचे नाही. ते चार पैसे खरे असतात, आणि घरात अडचणही खरी असते. पण बॅबिंडाच्या शेतकऱ्याकडे निदान शेजारचा कारखाना होता, तिथे ऊस रुळावरून जाऊ शकला. मॉसमनच्या शेजारी डोंगर आणि समुद्र.

आता त्या दोघांपुढे वाटा किती? रान बंगल्यांना विकावे, तर नदीकाठची सखल जमीन, पूर पाहिलेली, तिला आता कोण घेणार. गुरे घालावीत, तर कुंपण आणि गुरांचे पैसे, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी गुरामागे पळणार कोण. शेजारच्या तरुणाला खंडाने द्यावे, तर तोही कारखान्याच्याच वाटेकडे डोळे लावून आहे. पेन्शन मिळते, उपाशी राहणार नाहीत. तो प्रश्नच नाही.

पोरांनी आग्रह केला की आमच्याकडे चला. म्हातारा गप्प राहिला. म्हातारीने विचारले, तुमच्याकडे माझ्या वह्या ठेवायला कपाट आहे का? १९६४ पासूनच्या आहेत, एकसष्ट झाल्या. यंदाची कोरी आहे, पण पहिल्या पानावर वरच्या बाजूला तिने नेहमीसारखा रकाना आखून ठेवला आहे: तारीख, डबे, टन, उतारा.